वाट सांगत असते, आपण ऐकावे

दिवाळी आटोपली आणि पहाटे जरा गारवा पडू लागला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, तुम्ही चालायला सांगता, पण चालायचं कुठं?" प्रश्न खोटा नाही. गावातल्या रस्त्यावर उजाडल्यापासून ट्रक, रिक्षा आणि दुचाक्या. कडेला पाऊल टाकायला फूटभर जागा नाही. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णाला चिठ्ठीवर 'रोज अर्धा तास चालणे' असे लिहून देणे आम्हा डॉक्टरांना सोपे असते. चालणे त्याला असते.

माझे उत्तर ठरलेले आहे. रोज घराजवळ जमेल तसे चाला आणि रविवारी किनाऱ्याची वाट धरा. आपले आजोबा-पणजोबा बाजाराला, देवाला, लग्नकार्याला चालतच जात. जांभ्या दगडाची पाखाडी उतरायची, घाटी चढून सड्यावर यायचे, सडा ओलांडून पलीकडच्या वाडीत उतरायचे, खाडी आडवी आली की तरीतून पार व्हायचे. या वाटा अजून पुरत्या पुसलेल्या नाहीत. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला ऐन, किंजळ, काजू आणि करवंदीच्या जाळ्या. आपल्या गुहागर तालुक्यात वेळणेश्वर-हेदवीचा टापू आहे. रायगड जिल्ह्यात मुरूडजवळ फणसाडचे जंगल आहे. जंजिऱ्याच्या नवाबाचे हे जुने शिकारीचे रान १९८६ साली अभयारण्य झाले. समुद्राच्या इतक्या जवळ असे दाट रान आणि त्यात शेकरू पाहायला मिळणे हे भाग्यच.

तेव्हा चाला, जरूर चाला. पण वाचकहो, आजचा लेख चालण्याच्या फायद्यांवर नाही. ते तुम्हाला पाठ आहेत. आज मला माझी एक चूक सांगायची आहे.

एका रविवारची गोष्ट

आम्ही चौघे कार्तिक ते फाल्गुन दर रविवारी बाहेर पडतो. एक बँकेतले, एक किराणा दुकानदार, एक निवृत्त शिक्षक आणि मी. काही वर्षांपूर्वी पौषातल्या एका रविवारी वेळणेश्वरहून सड्यावरून हेदवीला जायचे ठरले. सप्तमी होती, म्हणजे साडेअकराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. हेदवीला उमामहेश्वराच्या देवळापाशी खडकात जी अरुंद घळ आहे, जिला आपण बामणघळ म्हणतो, ती ओहोटीत निवांत पाहायची असा माझा हट्ट. पण गाडी उशिरा आली आणि चालायला सुरुवात झाली साडेनऊला. मग मीच सगळ्यांना घाई करू लागलो.

घाटीच्या मध्यावर सर थांबले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "काल रात्री नातवाच्या वाढदिवसाचे वडे जरा जास्त झाले. जळजळतंय."

माझ्या पिशवीत ॲसिडिटीची गोळी होती. ती त्यांना चघळायला दिली आणि म्हटले, "बसा दहा मिनिटं, बरं वाटेल." खरेच बरे वाटले. दहा मिनिटांत सर हसून उठले. आम्ही पुन्हा चढू लागलो. दीडशे पावलांवर ते पुन्हा थांबले. या वेळी जळजळ हा शब्द त्यांनी वापरला नाही. म्हणाले, "इथं कुणीतरी दगड ठेवलाय असं वाटतं." पुन्हा बसले, पुन्हा बरे वाटले. तिसऱ्या वेळी बसूनही थांबेना. कपाळावर घाम, ओठ पांढरे आणि डाव्या जबड्यात ओढ.

तीस वर्षे दवाखाना चालवणाऱ्या माणसाला हे पहिल्या थांब्यालाच कळायला हवे होते. चढाला लागले की येते आणि बसले की जाते, असे दुखणे पोटाचे नसते. ते हृदयाचे मानूनच चालावे लागते. दवाखान्यात अनोळखी रुग्ण समोर बसला असता तर मी हे चार प्रश्नांत काढले असते. इथे समोर मित्र होता आणि माझे लक्ष ओहोटीच्या घड्याळावर होते.

पुढचे मात्र नीट झाले. त्यांना सावलीत अर्धवट बसवले आणि एक पाऊलही चालू दिले नाही. ॲस्पिरिनची गोळी चावून खायला दिली. दुकानदार मित्र धावत खाली वाडीत गेला आणि चार तरण्या पोरांना लाकडी खुर्ची घेऊन वर आला. त्या पोरांनी खुर्चीतून सरांना रस्त्यापर्यंत नेले. तोवर बँकेतल्या मित्राने १०८ ला फोन लावला होता. रुग्णालयात कार्डिओग्राम काढला, हार्ट ॲटॅकच होता. रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन वेळेत मिळाले. पुढे शहरात अँजिओग्राफी झाली आणि एक स्टेंट बसला. सर वाचले.

नंतर त्यांना भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी चहा पुढे ठेवला आणि सहज म्हणाल्या, "डॉक्टर, महिन्यापूर्वी हेदवीच्या दशभुजा गणपतीच्या पायऱ्या चढताना हे दोनदा थांबले होते. मी म्हटलं, दाखवून या. तर म्हणाले, वय झालं." मी मान खाली घातली. दर रविवारी त्यांच्या सोबत असणाऱ्या मी त्यांना कधी विचारलेच नव्हते.

त्या दिवसापासून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. आपल्या किनाऱ्यावरची बहुतेक संकटे आधी सांगून येतात. हृदय सांगते, ऊन सांगते, भरती तर तिथीवर सांगते आणि फुरसेसुद्धा आवाज करून सांगते. आपण घाईत असतो म्हणून ऐकत नाही.

हृदय काय सांगते?

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या नळ्या अरुंद झाल्या की सपाट चालताना भागते, पण चढाला रक्ताची मागणी वाढते आणि पुरवठा कमी पडतो. मग छातीत दाब, जळजळ, आवळल्यासारखे वाटते. कधी दुखणे छातीत नसतेच. ते जबड्यात, खांद्यात, डाव्या हातात किंवा पाठीत असते. बसले की मागणी कमी होते आणि दुखणे जाते. 'बसल्यावर बरं वाटलं' हा दिलासा नाही, तोच धोक्याचा निरोप आहे. मधुमेहाच्या रुग्णांत आणि पुष्कळदा स्त्रियांमध्ये दुखणे नसतेच. नुसता दम लागतो, थकवा येतो, मळमळते.

म्हणून चाळिशी उलटलेल्या आणि मधुमेह, रक्तदाब, तंबाखू-विडी किंवा घराण्यात हृदयविकार असलेल्या प्रत्येकाने घाटी चढण्याआधी एकदा आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. साधी परीक्षा घरीच करता येते. दोन जिने नेहमीच्या चालीने, न थांबता चढून पाहा. गेल्या वर्षी चढत होतात आणि यंदा मध्ये थांबावे लागते, तर वयावर ढकलू नका.

वाटेत असे दुखू लागले तर तिथेच बसा. रुग्णाला चालवत खाली आणू नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, पोटात रक्तस्राव झालेला नसेल, तर तीनशे मिलिग्रॅमच्या आसपासची एक गोळी चावून खायला द्या आणि १०८ ला फोन करा. जिभेखालची गोळी ज्यांना डॉक्टरांनी दिली आहे त्यांनीच ती घ्यावी, तीही बसून. उभ्याने घेतल्यास चक्कर येऊन पडण्याची भीती असते.

मधुमेहींसाठी आणखी दोन शब्द. इन्शुलिन किंवा गोळी घेऊन उपाशीपोटी सड्यावर जाऊ नये. हातपाय थरथरणे, घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही साखर उतरल्याची लक्षणे. खिशात गूळ किंवा खडीसाखर हवीच. आणि पुळणीवरही अनवाणी चालू नये. पायाची संवेदना कमी झालेली असते, शिंपला रुततो आणि दोन दिवसांनी मोजा काढताना कळते.

समुद्र काय सांगतो?

कोळीवाड्यातल्या कुणालाही विचारा, तो तिथी विचारेल आणि भरतीची वेळ सांगेल. हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणायचे. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पुढे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी आणि साडेबारा तासांच्या आत पुन्हा भरती. थोडे मागेपुढे होते, पण वाटसरूला एवढे पुरते.

यातली ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास समुद्राला उधाण असते आणि त्याच दिवसांत भरती दुपारी बाराच्या सुमारास येते. म्हणजे नेमकी सहलीची मंडळी डबे सोडून खडकावर बसलेली असतात तेव्हा. बामणघळीत ओहोटीला पाणी खाली खळखळत असते. भरतीच्या लाटा त्याच अरुंद फटीत घुसल्या की पाणी तोफेसारखे वर उडते. हरिहरेश्वरची समुद्राकडची प्रदक्षिणेची वाट अशीच. ओहोटीला ती सुंदर असते. भरतीला तिथे पाऊल टाकू नये, खवळलेल्या समुद्रात तर नाहीच. आतापर्यंत कित्येकांचे प्राण तिथे गेले आहेत.

ओला, हिरवा, शेवाळलेला खडक म्हणजे लाट इथवर येते असे समुद्राने लिहून ठेवलेले असते. कोरड्या खडकावरच थांबावे. समुद्राकडे पाठ करून फोटोला उभे राहू नये. अनोळखी पुळणीवर गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊ नये आणि पावसाळ्यात पाण्यात उतरूच नये.

बुडालेल्या माणसाला बाहेर काढल्यावर त्याला उलटा टांगणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार अजून चालतात. ते करू नका, त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास बंद असेल तर उताणे निजवून, हनुवटी वर उचलून, नाक चिमटीत धरून आधी तोंडाने पाच वेळा श्वास द्यावा. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून जोराने दाबावे, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. दर तीस दाबांनंतर दोन श्वास. मदत येईपर्यंत थांबू नये. हे वाचून येत नाही, शिकून येते. आपल्या भागात शिबिर झाले तर घरातल्या एकाने तरी जावे.

ऊन काय सांगते?

सड्यावर झाड नसते. पायाखालचा कातळ तापतो आणि तोंडावर वारा लागत असल्याने घाम किती गेला ते कळत नाही. पिंडरीत गोळे येणे हा पहिला निरोप. डोके दुखणे, मळमळ, चिडचिड हा दुसरा. इथेच सावलीत बसून मीठ-साखरेचे पाणी घ्यावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल किंवा मूत्रपिंडाचा, हृदयाचा विकार असेल, तर पाणी आणि मीठ किती घ्यायचे ते आधी डॉक्टरांना विचारावे.

तिसरा निरोप आला तर वेळ फार कमी असतो. माणूस असंबद्ध बोलू लागतो, अंग भाजते. हा उष्माघात. कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला, काख आणि मान गार करा आणि तसेच गार करत रुग्णालयात न्या. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. फाल्गुनानंतर सड्यावरची वाट सकाळी नऊच्या आत संपवावी.

रान काय सांगते?

आमच्याकडे सापाची भीती मोठी आणि माहिती थोडी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार मुख्य विषारी साप. त्यांपैकी फुरसे हे कोकणातल्या सड्याचे जुने रहिवासी. हातभर लांबीचे, दगडाखाली, कातळाच्या फटीत बसणारे. जवळ गेल्यास अंगाची वेटोळी एकमेकांवर घासते आणि करवत चालवल्यासारखा खरखर आवाज करते. तो आवाज म्हणजे 'पुढे येऊ नको' हे सांगणे. थांबा, दोन पावले मागे या, ते आपल्या वाटेने जाईल. वाटेवरचा दगड हाताने उलटू नये, करवंदीच्या जाळीत न पाहता हात घालू नये आणि अंधारात बॅटरीशिवाय फिरू नये.

दंश झालाच तर चिरा देणे, चोखणे, करकचून दोरी बांधणे, झाडपाला लावणे यातले काहीही करू नका. अंगठ्या, बांगड्या काढा. दंशाचा हात किंवा पाय काठी बांधून हलता न ठेवता रुग्णाला उचलून सरकारी रुग्णालयात न्या. तिथे मिळणारे सर्पदंशाचे इंजेक्शन या चारही सापांच्या विषावर चालते, म्हणून साप मारून आणण्याची गरज नाही. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासे होते. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येणे हे कधी काही तासांनी दिसते. तेव्हा 'काही होत नाही' म्हणून घरी थांबू नये.

विंचवाबद्दलही हेच. लाल विंचवाचा दंश झाल्यावर घाम सुटला, हातपाय गार पडले, उलटी झाली, तर ते विष हृदयावर चालले आहे. एके काळी यात मुले आणि मोठी माणसेही डोळ्यांदेखत जात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून असे रुग्ण वाचवता येतात हे दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरचे हे काम जगभर वाचले गेले याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. पण गोळीचा उपयोग रुग्ण वेळेत पोचला तरच.

रानाचे शेवटचे सांगणे घरी आल्यावर ऐकू येते. पावसाळ्यात चिखलातून, ओहोळातून चालल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप, पिंडऱ्या ठणकणे, डोळे लाल होणे असे काही झाले तर तो लेप्टो असू शकतो. पायाला जखम असेल तर त्या पाण्यात उतरूच नये. गवतातून फिरल्यानंतर ताप आणि अंगावर, बहुधा काखेत किंवा जांघेत, काळी खपली दिसली तर तो स्क्रब टायफस. सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग भागात २०१६ पासून गोचिडांमुळे होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या रानात प्रथम ओळखलेला हा आजार. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य किंवा वन खात्याला कळवावे. रानातून आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, आंघोळ करा, अंगावर गोचीड आहे का पाहा. आणि ताप आला तर डॉक्टरांना एवढे जरूर सांगा, "मी अमुक दिवशी अमुक रानात गेलो होतो." आम्हाला हे विचारायचे राहून जाते. तुम्ही सांगितलेत तर निदान निम्मे झाले.

पिशवीत काय असावे?

माणशी दोन लिटर पाणी, मीठ-साखरेची पुडी, गूळ, रोजची औषधे, ॲस्पिरिनची गोळी, रुंद पट्टी, शिट्टी, बॅटरी आणि आपले नाव, आजार, चालू औषधे लिहिलेला कागद. फणसाडसारख्या अभयारण्यात वन खात्याची परवानगी आणि सोबत स्थानिक माणूस हवा. मोबाईलला सगळीकडे रेंज नसते, म्हणून कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार हे घरी सांगून निघावे. आणि चालण्याची गती सर्वांत मागच्या माणसाची असावी. आमच्या त्या रविवारी ती सर्वांत पुढच्या माणसाची होती, आणि तो पुढचा माणूस मी होतो.

सर अजून आमच्याबरोबर येतात. हृदयरोगतज्ज्ञांनी परवानगी दिल्यावर सहा महिन्यांनी त्यांनी पुन्हा सुरुवात केली, आधी गुहागरच्या पुळणीवर, मग हळूहळू छोट्या चढांवर. आता घाटी लागली की दर पन्नास पावलांवर तेच हात वर करतात आणि आम्ही चौघेही थांबतो. दम कुणाला लागलेला असो वा नसो. थांबलो की प्रत्येकाने आपल्याला कसे वाटते ते खरे सांगायचे, असा त्यांचा नियम आहे.

मागच्याच महिन्यात दुकानदार मित्र म्हणाला, "काही नाही, जरा जळजळतंय." सर माझ्याकडे वळले आणि शाळेतल्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, गोळी पिशवीतच ठेवा. आधी चार प्रश्न विचारा."

मी विचारले. खरोखर वडेच निघाले. तरी सोमवारी त्याचा कार्डिओग्राम काढून घेतला.